आमच्या उतरंडीचा हिशेब

आमच्या सूतगिरणीच्या कँटीनबाहेर मागच्या महिन्यात एक कागद चिकटवला होता. वर ठळक अक्षरं : महागाईत किराणा कसा वाचवाल? खाली दहा कलमं. महिन्याची यादी करा. एकदम घ्या, घाऊक घ्या. हंगामात डाळ-धान्य भरून ठेवा. उरलेलं अन्न वाया घालवू नका. भुकेल्या पोटी दुकानात जाऊ नका. खाली ना सही, ना शिक्का.

तिसरी पाळी सुटली होती. कानात रिंग फ्रेमची घरघर, डोक्यात कापूस. उभ्याउभ्या मी तो कागद दोनदा वाचला. भुकेल्या पोटी दुकानात जाऊ नका म्हणे. अहो, पोट भरलेलं असतं तर दुकानात कशाला मरायला गेलो असतो? रोजावरची माणसं आम्ही. संध्याकाळचा पैसा संध्याकाळी दुकानात जातो. एकदम घ्यायचं म्हणजे एकदम पैसा पाहिजे, आणि भरून ठेवायचं म्हणजे घर पाहिजे. ज्यानं हे लिहिलं त्याच्या डोळ्यापुढं डब्यांची रांग असलेलं स्वयंपाकघर होतं. त्या स्वयंपाकघरात टंचाई आली म्हणजे बासमतीचा कोलम होतो.

कागद काढून घरी आणला. चोरी म्हणा पाहिजे तर. आजीला वाचून दाखवला. आजीचं वय पंचाहत्तरीच्या आसपास, शाळा शून्य. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "आरं बाबा, यादी करायला जिन्नस दोनच व्हते. पीठ आन् मीठ. ते ध्यानात ऱ्हातंय की."

त्या रात्रीपासून मी तिला विचारत गेलो आणि मिळतील ती पुस्तकं चाळत गेलो. मी काही इतिहासकार नाही. दहावीनंतर वाचनालयात जे शिकलो तेच माझं कॉलेज. पण वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. दुष्काळाच्या इतिहासात पाऊस किती पडला ते सापडतं, धान्य किती टन आलं ते सापडतं, साहेबानं कोणतं पत्र लिहिलं ते सापडतं. त्या धान्यातलं मूठभर चुलीपर्यंत कसं आलं, तिथं बाईनं त्याचं काय केलं, हे शोधायला गेलं की पान कोरं. काटकसरीचा इतिहास ज्यांच्याकडं कसर करायला काही होतं त्यांचाच लिहिला गेला.

नमुना म्हणून एक काटकसर सांगतो. ती आपली नाही, सरकारची आहे.

1873-74 साली बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल नावाच्या गोऱ्या साहेबानं ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला. माणसं फारशी मेली नाहीत. झालं, वरून ठपका आला : पैसा उधळला म्हणून. पुढं 1876 ला दख्खन आणि मद्रासकडं त्याहून मोठा दुष्काळ आला, तेव्हा तिकडं खर्च कमी करायला पाठवला कोणाला, तर ह्याच साहेबाला. साहेब शहाणा झाला होता. जानेवारी 1877 मध्ये त्यानं दुष्काळी कामावरच्या गड्याची दिवसाची मजुरी ठरवली : साधारण 450 ग्रॅम धान्य आणि एक आणा. बाईला आणि पोराला त्याहून कमी. माणूस दिवसभर दगड फोडतोय आणि त्याला एवढ्यात जगवून बघायचं. मद्रासच्या कॉर्निश नावाच्या सरकारी डॉक्टरनं ओरड केली, की एवढ्यात कष्टाचा माणूस जगत नाही. आपल्या इकडं तर मजुरांनी ह्या मजुरीवर काम करायचं नाकारलं, हजारोंनी कामं सोडली. मग मार्च महिन्यात मद्रासकडं धान्य थोडं वाढवलं. त्या दुष्काळात अर्ध्या कोटीच्या वर माणसं मेली असं अभ्यासक धरतात. आणि टेंपल साहेब? त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. किराणा वाचवला ना!

त्याच 1877 सालात जोतीराव आणि सावित्रीबाई आणि त्यांचे सत्यशोधक सोबती पुण्याजवळ धनकवडीला उपाशी पोरांना जेवू घालत होते. दोन्ही हिशेब एकाच सालातले. म्हणून कोणी वाचवा वाचवा म्हणाला की मी आधी विचारतो, कोणाच्या ताटातलं?

आता आपल्या चुलीकडं येऊ. तिथला हिशेब दुकानापासून सुरू होत नाही. आमच्या पणजोबाच्या काळात वस्तीवरच्या माणसाच्या हातात पैसा यायचाच कुठं? येसकराची पाळी आली की घरोघर फिरून भाकर मागायची. सुगीला बलुतं. तेही खळ्यावरचं पाट्याखालचं, मातीत मिसळलेलं. गावात कणग्या होत्या, पेवं होती. आमच्या घरात गाडग्यामडक्यांची उतरंड. खाली मोठं मडकं, वर त्याहून लहान, त्यावर त्याहून लहान. जातीला आपण उतरंड म्हणतो ते काही उगीच नाही. पण ही खरी उतरंड, मातीची, आणि तिच्यातली निम्मी मडकी रिकामी.

भरलेलं मडकं एकच असायचं : चान्यांचं. जुन्या माणसांना सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो. मेलेल्या ढोराचं मांस लांब पातळ कापायचं, मीठ लावायचं, दोरीवर उन्हात वाळवायचं. कडक वाळलं की मडक्यात भरून तोंड बांधायचं. पावसाळ्यात काम नसलं, घरात दाणा नसला की चार तुकडे काढायचे, ठेचायचे, पाण्यात रटरटवायचे, त्यात मूठभर पीठ सोडायचं. गावानं नाक मुरडलं. पण साठवणीचं शास्त्र म्हणून बघा, पैसा न घालता महिनोन्महिने टिकणारं अन्न त्या बायांनी तयार केलं होतं. 'हंगामात भरून ठेवा' हे कलम आमच्या पणज्यांना पाठ होतं. हंगाम तेवढा ढोर मरायचा होता. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात हे खाणं आणि ते करण्याची रीत लिहून ठेवली, ते पुस्तक आलं 2015 साली. तोवर पाककृतीच्या पुस्तकांचे ढीग लागले होते आणि त्यांत आमचं एक मडकं नव्हतं.

मार्च 1927. महाडची परिषद. चवदार तळ्याचं आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, मागून आणलेली शिळी भाकर सोडा असंही सांगितलं. ऐकायला सोपं. पण चुलीपुढं बसून विचार करा. येसकराची भाकर सोडणं म्हणजे रोजचं अन्न सोडणं. चान्या सोडणं म्हणजे घरातली एकुलती एक साठवण सोडणं. बॅंकेत पैसे असलेल्या माणसानं सगळे पैसे एका दिवसात टाकून द्यावेत, तसं. आणि लोकांनी ते केलं. एका दिवसात नाही, सगळ्यांनी नाही, पण गावोगाव केलं.

मग गावानं काय केलं, तर दुकान बंद केलं. आपला माणूस पैसे घेऊन उभा आणि दुकानदार म्हणतो, तुला मीठ नाही, काडेपेटी नाही. मुंबई सरकारनं 1928 मध्ये स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिच्यात होते. तिच्या 1930 च्या अहवालात हे सरळ नोंदलं आहे : हक्क मागितला की बहिष्कार, आणि बहिष्कार म्हणजे गावातला दुकानदार जरुरीच्या वस्तू विकत नाही. पाऊस भरपूर, पीक भरपूर, बाजारात माल, खिशात आणा, तरी टंचाई! अमर्त्य सेन यांनी 1981 च्या त्यांच्या पुस्तकात मांडलं, की धान्य असूनही माणसं उपाशी मरतात, कारण ते धान्य मिळवण्याची ताकद त्यांच्याजवळ नसते. 1943 ला बंगालात तीस लाखांच्या आसपास माणसं मेली, त्यावरून त्यांनी ते दाखवलं. माझ्या पणजोबाला ते 1930 ला एका काडेपेटीवरून कळलं होतं.

आता 1972. हा भाग आजीचा.

बार्शीकडचं आमचं गाव. सत्तर सालापासूनच पाऊस तोंड फिरवून बसला होता. बहात्तरला तर जमिनीला भेगाच पडल्या. आजी वीस-बावीसची. मांडीवर माझा मोठा चुलता, दोन वर्षांचा. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर अर्ध्या कोटीच्या जवळपास माणसं होती. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी पुढं 1977 च्या कायद्यानं पक्की झाली, तिचं मूळ ह्या खडीत आहे. टेंपलच्या दुष्काळासारखी माणसं मेली नाहीत हे खरं, आणि ते कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. सरकार चांगलं काम करतं तेव्हा चांगलं म्हणावं. पण ती खडी माझ्या आजीनं फोडली, हे पण त्याच पानावर लिहावं.

आजी सांगते, "रोज दोन-तीन रुपयं पडायचा. त्योबी हप्त्यानं. मुकादमानं ब्रास कमी लावला की त्यातबी कमी. उन्हात हात भाजायचं. पान्याचा डेरा आमचा येगळा." दुष्काळातसुद्धा डेरा वेगळाच. गाव, वस्ती, सगळे एकाच खडीवर बसलेले, सगळ्यांच्या नखांत तीच धूळ, आणि पाण्याला डेरे दोन.

रेशनला अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी मिळायची. लाल, टणक. आजी म्हणते, घोड्याची चंदी. ह्या पिठाला चिकटपणा नाही. भाकर थापली की कडेनं फाटते, तव्यावर टाकली की तुटते. सुरुवातीला बायांनी पीठ फेकायचं बाकी ठेवलं होतं. मग त्यांनी रीत काढली. आधण ठेवायचं, उकळत्या पाण्यात पीठ उकडून घ्यायचं, गरम आहे तोवर मळायचं, हाताला चटके बसले तरी. घरात गावरान ज्वारी असलीच तर पाच मुठींना एक मूठ तिची. तेवढ्या एका मुठीनं भाकर धरून राहायची. चाळणीवर राहिलेलं जाडंभरडं टाकायचं नाही, त्याच्या कण्या शिजवायच्या. कण्यांचं वरचं पाणी लेकराला.

खडीच्या कामावर सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ आणि गूळ, गोडसर. आजी तिथं अर्धी खायची आणि अर्धी पदराच्या गाठीत. रात्री पाण्यात उकळून चुलत्याला. ती गाठ बांधताना एकदा मुकादमानं पाहिलं आणि म्हणाला, इथंच खा, सरकारनं मजुराला दिलीय, घरच्यांना नाही. आजीनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गाठ आतून बांधायला लागली.

दुकानाची गोष्ट तर ऐकण्यासारखी. आजीनं ती सांगितली तेव्हा कागदावरची सगळी कलमं मला परत आठवली. दुकानदार वस्तीच्या बाईला माप हातात द्यायचा नाही. ओट्यावरून, वरून पदरात ओतायचा. विटाळ नको. मापटंभर ज्वारी वरून ओतली की मूठभर खाली मातीत. ती वेचायला बाई वाकली की मागचा माणूस म्हणणार, सरक. म्हणजे पैसे मापट्याचे आणि घरी येणार मापट्याला मूठभर कमी. अस्पृश्यतेवर लई ग्रंथ झाले. ती आठवड्याला किती दाणे खाते हा हिशेब कोणी मांडला? आमच्या पणजीनं मांडला होता. तिनं त्यावर उपाय काढला. चार घरच्या बायांनी पैसे एकत्र करायचे आणि बाजाराच्या दिवशी गड्यांपैकी एकानं तालुक्याला चालत जायचं. तिथं कोणी ओळखत नाही, जात विचारत नाही. तिथून पोत्यानं आणायचं आणि वस्तीवर चौघींनी मापट्यानं वाटून घ्यायचं. भाव कमी, सांड नाही, अपमान नाही. 'एकदम घ्या, घाऊक घ्या.' कँटीनच्या कागदाला हे पन्नास वर्षांनी सुचलं.

बाकीच्या युक्त्या आजी बोटांवर मोजते. तेल ओतायचं नाही, बाटलीच्या तोंडाला फडकं लावून तेवढं तव्यावर फिरवायचं. येसूर करून ठेवायचा : धान्य आणि मिरची-मसाला भाजून कुटलेला. चिमूटभर टाकला की पाण्याचं कालवण होतं, डाळ लागत नाही. तरवटा, घोळ, पाथरी, जो पाला गुरं खातात आणि मरत नाहीत तो बघायचा. हुलग्याचं माडगं. चहाची पूड दोनदा उकळायची. दिवस मावळायच्या आत जेवायचं, रॉकेल वाचतं. काडी ओढायची नाही, शेजारच्या चुलीतला विस्तव खापरीत आणायचा. तीन घरांत दिवसाला एक काडी. आणि रोज पिठात हात घालताना एक मूठ परत मडक्यात टाकायची. रोजच्या भुकेतून एक मूठ. मी विचारलं, "कशाला? आधीच पुरत नव्हतं ना?" तर म्हणाली, "उद्या आजच्यापेक्षा वंगाळ असतुय, म्हनून."

आता जी गोष्ट सांगतो ती लिहावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

त्या उन्हाळ्यात ढोरं मरत होती. चारा नाही, पाणी नाही. गावाच्या शिवेवर रोज एखादं पडलेलं. 1956 ला नागपूरच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीनं धम्म घेतला होता. ओढकाम बंद, चान्या बंद, दोरी तोडून टाकलेली. 1958 च्या कायद्यानं महारवतन रद्द झालं, त्यामुळं जबरदस्तीही करता येत नव्हती. मग गावातला एक मोठा माणूस वस्तीवर आला. गोड बोलत होता. म्हणाला, "घाण सुटलीय. ओढून न्या. अन् तुम्हालाच बरं की, वाळवून ठेवा, पोरं जगतील. भुकंपुढं कसला धरम?"

माझी पणजी दारात उभी राहिली. मडक्यात चारच मुठी राहिल्या होत्या, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणाली, "पोरं जगतील. पर मग ती तुमचीच ऱ्हातील." एवढंच. तो माणूस निघून गेला. ढोर तिथंच सडलं. शेवटी गावानं ते बैल लावून ओढलं.

मी ही गोष्ट ऐकून उठून बसलो. म्हटलं, ह्यावर कविता होईल. आजीनं माझ्याकडं बघितलं आणि पुढचं सांगितलं. "लई उड्या मारू नको. रातच्याला कुनी नेलं असंल. वास आला व्हता एका घरातनं. त्या घरात तीन लेकरं व्हती. म्या नाव घ्यायची न्हाई. तुझ्या पनजीनंबी त्या बाईला कधी इचारलं न्हाई. सकाळी मुठीतलं अर्धं पीठ तिला दिऊन आली."

म्हणून मी कविता लिहिली नाही. आपल्या लढ्याचा इतिहास लिहिताना आपण दारात उभी राहिलेली बाई लिहितो. ते लिहिलंच पाहिजे. पण रात्री वास आलेलं घर गाळलं तर मग त्या टेंपल साहेबाच्या अहवालात आणि आपल्यात फरक काय? त्यानंही माणसं गाळूनच हिशेब जुळवला.

त्र्याहत्तरला आजोबा मुंबईला गेले. गावातला माणूस गिरणीत होता, त्यानं चिकटवलं. रिंग खात्यातच. विणखात्यात जादा पगार होता, पण तिथं फार वर्षं आपल्या माणसाला घेत नसत. कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागायचा, बाटायचं ना! बाबासाहेबांनी 1928-29 च्या संपांच्या वेळीच हा प्रश्न टाकला होता. हा पण किराणाच आहे हो. बाप कोणत्या खात्यात, त्यावर घरात डाळ किती. दरवाजे पुढं उघडले म्हणतात, पण आजोबा रिंगमध्येच राहिले आणि आज मी पण रिंगमध्येच.

ते गेले तेव्हा मुंबईत महागाईनं कहर केला होता. शहराला रेशनिंग 1943 पासून माहीत, रांगेची सवय. पण एप्रिल 1973 ला सरकारनं गव्हाचा घाऊक व्यापार हातात घेतला आणि पुढच्याच वर्षी सोडून दिला. तेलाचे भाव जगभर भडकले. 1974 ला महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली. ह्या काळात महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बाया रस्त्यावर होत्या : मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी. लाटणी घेऊन मोर्चे, थाळ्या वाजवणं. साठा दडवणाऱ्याला आणि मंत्र्यालाही त्यांनी घाम फोडला. मी त्या बायांना मानतो. घरात बसून काटकसर करण्यापेक्षा भाव का वाढला हे रस्त्यावर येऊन विचारणं, ही सगळ्यात मोठी बचत. फक्त एक सांगतो, आजीला लाटण्याचं सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्यात लाटनं कुठलं? भाकर थापत्यात." खरंच की. लाटणं चपातीला लागतं. आमच्या घरात पहिलं लाटणं माझ्या आईच्या लग्नात आलं. मोर्चा आमच्या बाजूचाच होता, पण हातातलं हत्यार आमच्या घरातलं नव्हतं. थाळी मात्र होती. जर्मनची, पोचे आलेली.

आजोबा खानावळीत जेवायचे. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गडी, आणि खाली एखादी बाई पंचवीस-तीस जणांचं रांधणारी. पगाराला पैसे, तोवर उधार. गिरणगाव ह्या बायांच्या उधारीवर चाललं. वाण्याची वही त्यांच्या नावावर, आणि महिना उलटला की व्याज त्यांच्या डोक्यावर. 1975 ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि ह्या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकार सुटला की किराणा आपोआप स्वस्त होतो, हे कलम कँटीनच्या कागदात नाही.

18 जानेवारी 1982. संप. अडीच लाख कामगार. पहिला महिना वाण्यानं दिलं, दुसरा दिलं, मग वही मिटली. त्याला तरी काय बोलू, त्याचं दुकान त्याच अडीच लाखांवर होतं. चाळीचाळीतून तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. आजोबा गावाकडं परत आले, सोबत एक ट्रंक आणि एक पितळी डबा. डबा दोन महिन्यांत गेला. ट्रंक आहे, तिच्यात माझ्या कविता असतात.

आता माझं. 2020 च्या टाळेबंदीत गिरणी बंद होती. माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं आणि त्यावर घर चाललं, नाही कशाला म्हणू. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंही माणशी महिना पाच किलोच. मी एकदा सहज भागून पाहिलं. दिवसाला 167 ग्रॅमच्या आसपास येतं. टेंपल साहेबाचं 450. तुलना बरोबर नाही हे मला कळतं, त्याची ती अख्खी मजुरी होती आणि हे मजुरीवर वरचं आहे. पण मजुरीच बंद असते तेव्हा आकडा डोक्यातून जात नाही.

आणखी एक मोजमाप केलं. आमच्या वस्तीच्या दुकानातून दहा रुपयांची साखरेची पुडी आणली आणि गिरणीत सूत तोलायच्या काट्यावर ठेवली. हा काटा हरामखोरी करत नाही. किलोच्या भावानं जेवढी यायला पाहिजे होती तिच्यापेक्षा सहाव्या हिश्शानं कमी भरली. दुकानदार आमच्यातलाच आहे. विचारलं तर म्हणाला, "पुडीला कागद लागतो, दोरा लागतो, अन् तुम्ही उधार नेता त्याचं काय?" त्याचंही खरंच. चार पैसे कमी असलेला माणूस प्रत्येक घासाला चार पैसे जास्त देतो, आणि कँटीनचा कागद त्यालाच सांगतो की बाबा, तू उधळ्या आहेस.

आता आमच्या रिंग खात्यातले सहा जण मिळून पगाराच्या दिवशी तालुक्याच्या आडतीतून तेलाचा डबा आणि तुरीचं पोतं आणतो. पणजीचीच रीत. वाटणी माझ्या खोलीत होते. मापटं आजीकडचं आहे, पत्र्याचं, कडेला चेपलेलं. गेल्या वेळी डाळ ओतताना खाली सांडली तर आजी खाटेवरून उतरली, वेचून माझ्या हातावर ठेवली आणि कोणाच्या वाट्यातली ते विचारून त्याच्याच पिशवीत टाकायला लावली.

तो कागद मला परत वाचायचा होता. शोधला तर सापडला नाही. आजीला विचारलं. तिनं त्याची पुडी करून त्यात येसूर बांधला होता, माझ्या डब्यात टाकायला.